ध्वनिशामक आणि वायुचलित रायफल

ध्वनिशामक हे बंदुकीच्या नळीच्या तोंडाशी जोडले जाणारे, गोळीबाराचा आवाज व ज्वाला कमी करणारे उपकरण होय. बोलीभाषेत त्यास 'सायलेन्सर' असे म्हणतात. हे उपकरण कोणत्याही बंदुकीवर सारखेच काम करत नाही. ज्या रायफलीत गोळीमागील वायूचा दाब वापरून पुढचे काडतूस आपोआप भरले जाते, अशा वायुचलित रायफलीवर ध्वनिशामक बसवला असता केवळ आवाज बदलत नाही, तर रायफलीच्या संपूर्ण यंत्रणेचा समतोल बदलतो. भारतीय सैन्य व पोलीस दलांच्या वापरातील एसएलआर, इन्सास, एके-४७ आणि सिग-७१६ या सर्व रायफली वायुचलित आहेत. त्यामुळे हा विषय सैनिकांची श्रवणशक्ती, शस्त्राची विश्वसनीयता व सुरक्षितता यांच्याशी निगडित आहे. भारतात ध्वनिशामकाची गणना कायद्याने 'अग्निशस्त्र' या संज्ञेत होते आणि सामान्य नागरिकास तो बाळगता येत नाही.

संज्ञा

'सायलेन्सर' या शब्दावरून हे उपकरण आवाज पूर्णपणे नाहीसा करते, असा समज होतो. चित्रपटांनी हा समज अधिक दृढ केला आहे. प्रत्यक्षात शक्तिशाली रायफलीचा आवाज ध्वनिशामकानंतरही मोठाच राहतो. म्हणून तांत्रिक लेखनात आवाज 'दाबणारा' किंवा 'शमवणारा' या अर्थाची संज्ञा अधिक योग्य मानली जाते. मोटारसायकलच्या धुराड्यावरील सायलेन्सर आणि बंदुकीचा सायलेन्सर यांचे नाव एकच आहे आणि तत्त्वही जवळपास एकच आहे. दोहोंत उच्च दाबाचा तप्त वायू एकदम बाहेर न सोडता टप्प्याटप्प्याने प्रसरण पावू दिला जातो.

गोळीबाराच्या आवाजाचे घटक

रायफलीतून गोळी सुटताना ऐकू येणारा आवाज एकसंध वाटला, तरी तो तीन वेगवेगळ्या कारणांनी निर्माण होतो.

पहिला घटक म्हणजे नळीच्या तोंडाशी होणारा स्फोटध्वनी. काडतुसातील दारू जळून निर्माण झालेला वायू गोळीला नळीतून पुढे ढकलतो. ५.५६ मिमी व ७.६२ मिमी व्यासाच्या लष्करी काडतुसांत हा दाब काडतूसकक्षात सुमारे ४०० मेगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे चार हजार पट, इतका असू शकतो. गोळी नळीबाहेर पडेपर्यंत तो बराच उतरलेला असतो, तरीही वातावरणाच्या दाबाच्या काहीशे पट असतो. गोळी बाहेर पडताच, बाटलीचे बूच उडावे तसा, हा वायू मोकळ्या हवेत झेपावतो व दाबाची तीव्र लहर निर्माण होते.

दुसरा घटक गोळीच्या वेगामुळे निर्माण होतो. इन्सास रायफलीची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगाने बाहेर पडते. हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. ध्वनीपेक्षा वेगाने जाणारी गोळी आपल्यामागे शंकूच्या आकाराची आघातलहर ओढत नेते. ही लहर गोळीच्या मार्गाजवळील माणसाला 'कडाड' अशा कोरड्या आवाजाच्या रूपाने ऐकू येते.

तिसरा घटक यंत्रणेचा. बोल्ट मागे जाणे, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाणे आणि बोल्ट पुन्हा पुढे येऊन बंद होणे यांचा धातूवर धातू आदळल्याचा आवाज इतर दोन घटकांपेक्षा बराच लहान असतो.

ध्वनिशामक यांपैकी फक्त पहिल्या घटकावर परिणाम करतो. गोळीच्या आघातलहरीवर त्याचा काहीही परिणाम होत नाही, कारण ती लहर नळीपासून दूर हवेत निर्माण होत असते. ध्वनीपेक्षा कमी वेगाची काडतुसे वापरल्यास आघातलहर टळते. मात्र अशा काडतुसांतून मिळणारा वायू सामान्य वायुचलित रायफलीची यंत्रणा चालवण्यास बहुधा अपुरा पडतो.

वायुचलित यंत्रणा

थ्री नॉट थ्री ली-एनफील्डसारख्या बोल्ट रायफलीत प्रत्येक फैरीनंतर नेमबाजाला हाताने बोल्ट मागे ओढून पुंगळी काढावी लागते. वायुचलित रायफलीत हे काम वायू करतो. नळीला तिच्या तोंडापासून काही अंतर अलीकडे एक बारीक छिद्र असते. गोळी या वायुछिद्रापुढे सरकली की तिच्यामागील वायूचा अल्प भाग छिद्रातून एका नळकांड्यात शिरतो. तेथून पुढे तीन प्रमुख पद्धती आढळतात.

- दीर्घ धावेचा दट्ट्या: दट्ट्या व बोल्टवाहक एकमेकांना जोडलेले असून दोघे मिळून पूर्ण अंतर मागे जातात. एके-४७ व इन्सास या रायफली या प्रकारातील आहेत.
- लघु धावेचा दट्ट्या: दट्ट्या बोल्टवाहकाला धक्का देऊन थांबतो आणि वाहक स्वतःच्या गतीने मागे जातो. एसएलआर व सिग-७१६ या प्रकारातील आहेत.
- थेट वायू: दट्ट्याऐवजी वायू बारीक नळीतून थेट बोल्टवाहकापर्यंत नेला जातो. अमेरिकी एम-१६ व एम-४ या रायफलींत ही पद्धत आहे.

या यंत्रणेतील कळीची गोष्ट वेळेची आहे. वायुछिद्र ओलांडल्यापासून नळीबाहेर पडेपर्यंत गोळीला लागणारा काळ हाच यंत्रणेला पूर्ण दाबाचा वायू मिळण्याचा काळ होय. छिद्र व तोंड यांतील अंतर १५ सेंटीमीटर आणि गोळीचा वेग सेकंदाला ८५० मीटर धरल्यास हा काळ सेकंदाच्या पाच हजारांश भागाहूनही थोडा कमी येतो. गोळी बाहेर पडताच नळीतील दाब झपाट्याने कोसळतो. तोपर्यंत दट्ट्याला जी गती मिळाली असेल तीवर पुढचे सर्व काम होते. रायफलीचा अभिकल्प करणारे अभियंते छिद्राचा व्यास, दट्ट्याचे वजन, स्प्रिंगची ताकद आणि काडतुसातील दारूचा जळण्याचा वेग यांचा मेळ याच अत्यल्प काळाभोवती घालतात.

बोल्ट केव्हा उघडतो हेही महत्त्वाचे असते. काडतूस फुटते तेव्हा त्याची पितळी पुंगळी फुगून कक्षाच्या भिंतीला घट्ट चिकटते. दाब उतरल्यावर ती किंचित आकसते व मगच सहज बाहेर ओढता येते. म्हणून बोल्ट दाब पुरेसा उतरेपर्यंत बंद राहील, अशी रचना असते.

ध्वनिशामकाची रचना

ध्वनिशामक म्हणजे साधारणपणे नळीच्या पुढे बसणारे धातूचे लांबट नळकांडे असते. त्यात एकामागून एक आडपडदे असून त्यांच्या मधोमध गोळी जाण्यापुरते छिद्र असते. गोळी सरळ निघून जाते. मागून येणारा वायू मात्र पडद्यांमधील पोकळ्यांत अडतो, वळतो, प्रसरण पावतो व धातूला उष्णता देऊन थंड होतो. त्यामुळे तो बाहेर पडेपर्यंत त्याचा दाब व वेग कमी झालेला असतो. वायूतील न जळालेले कण बाहेरच्या हवेत एकदम पेटत नसल्याने नळीच्या तोंडाशी दिसणारी ज्वालाही जवळपास नाहीशी होते. लष्करी वापरात ज्वाला लपणे हा लाभ आवाज घटण्याइतकाच महत्त्वाचा मानला जातो.

ध्वनिशामक वायूला काही काळ धरून ठेवतो, म्हणूनच आवाज घटतो. वायुचलित रायफलीत अडचणी उद्भवतात त्याही याच कारणाने.

बसवल्यानंतर होणारे बदल

प्रतिदाब

ध्वनिशामक नसताना गोळी बाहेर पडल्याबरोबर नळी रिकामी होते. ध्वनिशामक असताना वायूला मोकळी वाट मिळत नाही, त्यामुळे नळीतील दाब सावकाश उतरतो. या राहिलेल्या दाबास प्रतिदाब असे म्हणतात. वायुछिद्रातून यंत्रणेत शिरणाऱ्या वायूचे प्रमाण त्यामुळे वाढते आणि यंत्रणेला ठरवलेल्यापेक्षा जास्त काळ जास्त जोराचा धक्का मिळतो. बोल्ट रायफलीत असे वायुछिद्रच नसल्याने हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. ध्वनिशामक आणि बोल्ट रायफल यांचे जुळणे त्यामुळे सोपे असते.

बोल्टचा वाढलेला वेग

जास्तीच्या वायूमुळे बोल्टवाहक नेहमीपेक्षा वेगाने मागे जातो. त्याचे परिणाम साखळीसारखे एकामागून एक येतात. बोल्ट वेळेपूर्वी उघडू लागतो. पुंगळी अजून कक्षाच्या भिंतीला चिकटलेली असतानाच ती ओढणारी आकडी तिच्या कडेवर जोर लावते, त्यामुळे कडा फाटू शकते व पुंगळी आत अडकते. बोल्टवाहक मागील टोकावर जोराने आदळल्याने भागांची झीज वाढते. परत येताना तो इतका वेगवान असतो की मॅगझीनची स्प्रिंग पुढचे काडतूस वेळेत वर उचलू शकत नाही. अशा वेळी बोल्ट रिकाम्या जागेवरून पुढे निघून जातो किंवा काडतूस वाकडे अडकते. स्वयंचलित माऱ्यात मिनिटागणिक फैरींचा दरही वाढतो.

तोंडावर येणारा वायू

प्रतिदाबाचा आणखी एक परिणाम नेमबाजाला थेट जाणवतो. बोल्ट उघडल्यावर नळीत उरलेला वायू मागच्या बाजूने, पुंगळी बाहेर पडण्याच्या फटीतून, त्याच्या तोंडाकडे येतो. या वायूत कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया तसेच शिसे व तांबे यांचे सूक्ष्म कण असतात. डोळ्यांची जळजळ व घशाची खवखव ही तात्कालिक लक्षणे होत. सतत सराव करणाऱ्यांच्या बाबतीत, विशेषतः बंदिस्त गोळीबार मैदानांत, शिसे शरीरात जाणे हा अधिक गंभीर प्रश्न मानला जातो. दट्ट्या असलेल्या रायफलींत यंत्रणेतून येणारा वायू तुलनेने कमी असतो, पण नळीतून थेट मागे येणारा वायू सर्वच पद्धतींत असतो.

काजळी, उष्णता व वजन

वायूबरोबर काजळीही यंत्रणेत परतते. त्यामुळे रायफल अधिक वेळा साफ करावी लागते. सलग माऱ्यात ध्वनिशामक अतिशय तापतो. त्याला उघड्या हाताने स्पर्श केल्यास भाजते आणि त्यावरून उठणाऱ्या गरम हवेमुळे दुर्बिणीतील लक्ष्य थरथरल्यासारखे दिसते. रायफलीची लांबी वाढते व वजन पुढच्या टोकाला गेल्याने ती तोंडाकडे जड लागते. नळीच्या टोकावर भार आल्याने तिचे कंपन बदलते व गोळी लागण्याची जागाही सरकते. म्हणून ध्वनिशामक लावल्यावर व काढल्यावर रायफलीचा नेम पुन्हा तपासून घ्यावा लागतो.

समतोल साधण्याचे उपाय

वाढलेल्या वायूवरचा सर्वांत सरळ उपाय म्हणजे तो यंत्रणेत कमी प्रमाणात घेणे. अनेक लष्करी रायफलींत यासाठी वायुनियामक असतो. एसएलआरवरील नियामक भारतातील अनेक निवृत्त जवानांच्या व पोलिसांच्या परिचयाचा आहे. तो मूळ बेल्जियन एफएन-फाल रायफलीवरून आलेला असून जास्तीचा वायू बाहेर सोडून दट्ट्याला मिळणारा जोर कमी-अधिक करतो. इन्सासमध्येही नियामक आहे. या दोन्ही रायफलींत रायफल ग्रेनेड डागताना वायूचा मार्ग पूर्ण बंद करण्याची सोय आहे. हे नियामक मुळात ध्वनिशामकासाठी नव्हे, तर धूळ, थंडी व काजळी यांमुळे यंत्रणा मंदावल्यास तिला अधिक वायू देता यावा यासाठी योजलेले होते. नव्या रायफलींत मात्र नियामकाचे एक स्थान खास ध्वनिशामकासाठी राखून ठेवण्याची पद्धत रूढ झाली आहे. सिग-७१६ या रायफलीतही वायूची झडप बदलता येते. एके-४७ मध्ये असा नियामक नाही. तिचे वायुछिद्र कोणत्याही परिस्थितीत यंत्रणा चालावी म्हणून मुळातच सढळ ठेवलेले आहे, त्यामुळे ध्वनिशामकासह तिच्या यंत्रणेवर पडणारा ताण लक्षणीय असतो.

दुसरा उपाय बोल्टवाहकाला मंद करण्याचा आहे. हलणाऱ्या भागांचे वजन किंवा स्प्रिंगची ताकद वाढवली की तेवढ्याच वायूने बोल्ट सावकाश उघडतो. तिसरा उपाय ध्वनिशामकाच्या रचनेतच आहे. अलीकडच्या काही ध्वनिशामकांत वायूला अडवून ठेवण्याऐवजी वळणावळणाच्या मार्गांनी पुढे वाहू दिले जाते. आवाज थोडा अधिक राहतो, पण प्रतिदाब बराच घटतो. अशा गुंतागुंतीच्या पोकळ्या धातूच्या त्रिमितीय मुद्रणामुळे एकसंध घडवणे शक्य झाले आहे.

या सर्व उपायांत एक देवघेव असते. ध्वनिशामकासाठी वायू कमी केलेली रायफल ध्वनिशामक काढल्यावर पुरेशा जोराने चालत नाही. नियामक मूळ स्थानी न आणल्यास ती ऐन वेळी अडू शकते. त्यामुळे ध्वनिशामक लावण्या-काढण्याबरोबर नियामक बदलणे हा लष्करी प्रशिक्षणाचाच एक भाग असतो.

जोडणीतील अचूकता

ध्वनिशामक नळीच्या तोंडावरील आट्यांवर किंवा तेथील ज्वालारोधकावर बसवला जातो. त्याच्या आतील छिद्र गोळीपेक्षा किंचितच मोठे असते. त्यामुळे नळीचा अक्ष व ध्वनिशामकाचा अक्ष एका रेषेत असणे अत्यावश्यक असते. आटे किंचित तिरके असले, जोडावर कचरा साचला असला किंवा माऱ्याच्या हादऱ्यांनी जोड सैल झाला, तर गोळी आतील पडद्याला घासते. अशा वेळी ध्वनिशामक फुटून त्याचे तुकडे उडू शकतात आणि नेमबाजास अथवा शेजारी उभ्या असलेल्यास इजा होऊ शकते. ध्वनिशामक ठरावीक व्यासासाठी, ठरावीक काडतुसासाठी व ठरावीक किमान नळी-लांबीसाठी प्रमाणित केलेला असतो. सैन्यात व पोलीस दलांत ही जोडणी व तपासणी प्रशिक्षित आर्मोररकडे सोपवलेली असते. कायद्याबाहेर गावठी पद्धतीने केलेले ध्वनिशामक या कारणाने, बेकायदेशीर असण्याबरोबरच, वापरणाऱ्याच्या जिवावर बेतणारे ठरतात.

आवाजातील घट व श्रवणसंरक्षण

लष्करी रायफलीच्या आवाजाची शिखरपातळी नेमबाजाच्या कानाजवळ साधारणपणे १५५ ते १७० डेसिबल असते. चांगला ध्वनिशामक ती सुमारे २० ते ३५ डेसिबलने कमी करतो. डेसिबल हे मोजमाप लॉगॅरिदमिक असल्याने २० डेसिबलची घट म्हणजे ध्वनिदाब एक-दशांश होणे होय. ही घट मोठी असली, तरी १६५ डेसिबलमधून ३० वजा केल्यावरही १३५ डेसिबल उरतात. क्षणिक आवाजासाठी १४० डेसिबल ही धोक्याची सीमा अनेक देशांच्या व्यावसायिक आरोग्य नियमांत मानली जाते. म्हणजे ध्वनिशामकामुळे आवाज त्या सीमेच्या आसपास किंवा खाली येतो, परंतु तो निरुपद्रवी होत नाही. वायुचलित रायफलीत उघड्या बोल्टमधून बाहेर पडणारा वायू कानाच्या अगदी जवळ आवाज करतो. म्हणून त्याच काडतुसाच्या बोल्ट रायफलीपेक्षा येथे नेमबाजाच्या कानाशी होणारी घट कमी भरते.

तीव्र क्षणिक आवाजाने अंतर्कर्णातील सूक्ष्म केसपेशी कायमच्या नष्ट होतात. मानवात त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. सुरुवातीला उच्च स्वरांचे आवाज ऐकू येईनासे होतात व कानात सतत गुणगुण राहते. ही हानी वेदनारहित व हळूहळू होणारी असल्याने ती उशिरा लक्षात येते. गोळीबार मैदानावर जवानांना कानातील बोळे अथवा कर्णरक्षक वापरता येतात. परंतु जंगलातील कारवाईत पानांची सळसळ, सहकाऱ्याची हाक व वायरलेसवरील संदेश ऐकणे आवश्यक असल्याने कान झाकणे अनेकदा शक्य नसते. नक्षलग्रस्त भागातील दलांपुढे हा पेच कायम असतो. ध्वनिशामकाकडे गुप्ततेचे साधन म्हणून नव्हे, तर श्रवणरक्षणाचे साधन म्हणून पाहण्याची दृष्टी या अनुभवातून आली. अमेरिकेच्या मरीन कोअरने २०२० च्या अखेरीस आपल्या लढाऊ तुकड्यांना मोठ्या प्रमाणावर ध्वनिशामक देण्यास सुरुवात केली, त्यामागेही तुकडीतील परस्पर संवाद सुधारणे हे एक प्रमुख कारण होते.

इतिहास

वायूच्या दाबावर चालणाऱ्या शस्त्रांचे प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉन ब्राउनिंग या अमेरिकी संशोधकाने यशस्वी केले. १९३६ मध्ये अमेरिकी सैन्याने स्वीकारलेली एम-१ गॅरंड ही सर्व सैनिकांना सरसकट दिलेली पहिली अर्धस्वयंचलित वायुचलित रायफल मानली जाते. ध्वनिशामकाचे पहिले यशस्वी व्यापारी रूप हायरम पर्सी मॅक्सिम याने तयार केले व १९०९ मध्ये त्याचे एकस्व घेतले. मशीनगनचे जनक सर हायरम मॅक्सिम यांचा तो मुलगा. मोटारीच्या इंजिनाचा आवाज कमी करण्याच्या प्रश्नावरही त्याने काम केले होते. अमेरिकेत १९३४ च्या राष्ट्रीय अग्निशस्त्र कायद्याने ध्वनिशामकावर नोंदणी व २०० डॉलरचा कर लागू झाला. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश डी लाइल कार्बाइन हे अतिशय शांत शस्त्र मानले जाते. ती ली-एनफील्डच्या बोल्ट यंत्रणेवर आधारित होती व तिचे काडतूस ध्वनीपेक्षा कमी वेगाचे होते. युरोपातील नॉर्वे व फिनलंड यांसारख्या देशांत शिकारीच्या रायफलींवर ध्वनिशामक वापरणे सर्वसामान्य आहे.

भारत व महाराष्ट्र

१९६२ च्या युद्धानंतर भारतीय सैन्यात ली-एनफील्डची जागा ७.६२ मिमी एसएलआरने घेतली. तिच्यानंतर आलेल्या ५.५६ मिमी इन्सास रायफलीचा विकास संरक्षण संशोधन आणि विकास संस्थेच्या पुणे येथील पाषाण भागातील आयुध संशोधन व विकास प्रस्थापनेत झाला. याच संस्थेने ५.५६ × ३० मिमी काडतुसाची वायुचलित संयुक्त उपक्रम संरक्षक कार्बाइन विकसित केली. तिच्या लष्करी चाचण्यांचा अंतिम टप्पा डिसेंबर २०२० मध्ये पूर्ण झाला. फेब्रुवारी २०१९ मध्ये भारताने ७२,४०० सिग-७१६ रायफलींच्या खरेदीचा करार केला.

भारतात कारखान्यातच ध्वनिशामकासह तयार होणाऱ्या शस्त्रांत कानपूरच्या लघुशस्त्र निर्माणीतील २ए१ कार्बाइनचा समावेश होतो. ती ब्रिटिश स्टर्लिंगच्या ध्वनिशामकयुक्त प्रकारावर आधारित आहे. ती वायुचलित नाही. तिचा बोल्ट काडतुसाच्या प्रतिक्रियेनेच मागे जातो, त्यामुळे वायुछिद्र व नियामक यांचा प्रश्न तेथे येत नाही.

लहान शस्त्रांची काडतुसे जळगाव जिल्ह्यातील वरणगावच्या आयुध निर्माणीत तयार होतात, तर भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरची आयुध निर्माणी स्फोटके व प्रणोदके तयार करते. प्रणोदकाचा जळण्याचा वेग बदलला की वायुछिद्रापाशी मिळणारा दाबही बदलतो. यामुळे रायफल, काडतूस व ध्वनिशामक या तिन्हींची चाचणी एकत्रितच घ्यावी लागते.

कायदेशीर स्थिती

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २(१)(ङ) मधील 'अग्निशस्त्र' या व्याख्येत गोळीबाराचा आवाज किंवा ज्वाला कमी करण्यासाठी तयार केलेल्या अथवा जुळवून घेतलेल्या उपसाधनांचा स्पष्ट समावेश आहे. म्हणजे ध्वनिशामक बंदुकीपासून वेगळा, एकटा सापडला तरी कायद्याच्या दृष्टीने तो अग्निशस्त्रच ठरतो. शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत अशी उपसाधने सर्वांत कठोर अशा पहिल्या प्रवर्गात ठेवलेली आहेत. परवान्याशिवाय अग्निशस्त्र बाळगणे कलम ३ अन्वये आणि त्याची निर्मिती, विक्री, दुरुस्ती वा रूपांतर करणे कलम ५ अन्वये निषिद्ध आहे. २०१९ च्या दुरुस्तीने या अपराधांच्या शिक्षा वाढवण्यात आल्या. साध्या बंदुकीचा परवाना असणे म्हणजे तिच्यावर ध्वनिशामक बसवण्याची मुभा असणे नव्हे. लष्करी काडतुसाच्या वायुचलित रायफलीही सामान्य नागरिकास उपलब्ध नसतात.

गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. मध्य प्रदेश व छत्तीसगड यांच्या सीमेवरील या जिल्ह्यात बंदुकीच्या आवाजाचा प्रश्न दोन वेगळ्या अंगांनी पुढे येतो.

पहिले अंग सुरक्षेचे आहे. सालेकसा, देवरी व अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतील वनक्षेत्र दीर्घकाळ नक्षलग्रस्त राहिले. १९९० मध्ये गडचिरोलीत स्थापन झालेल्या सी-६० पथकाच्या धर्तीवरील पथके गोंदिया पोलीस दलातही आहेत. दाट जंगलात आवाज झाडांवर व टेकड्यांवर आदळून परावर्तित होतो. गोळीची आघातलहर व नळीचा स्फोटध्वनी वेगवेगळ्या वेळी व वेगवेगळ्या दिशांनी येतात. अनुभवी जवान या दोहोंतील फरकावरून मारा कोठून झाला याचा अंदाज बांधतात. ध्वनिशामकाने स्फोटध्वनी दबला की ऐकणाऱ्यास केवळ आघातलहर ऐकू येते व दिशेचा अंदाज चुकतो. लष्करी दृष्टीने ध्वनिशामकाचे महत्त्व यात आहे. आवाज नाहीसा झाला नाही, तरी त्याचा उगम लपतो.

दुसरे अंग वन्यजीवांचे आहे. १९७० मध्ये घोषित झालेले नागझिरा अभयारण्य व १९७५ मध्ये घोषित झालेले नवेगाव राष्ट्रीय उद्यान यांच्यासह आसपासची अभयारण्ये मिळून डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. रात्रीच्या शांततेत बंदुकीचा आवाज दूरवर जातो व गस्तीवरील वनरक्षकास शिकारीची पहिली वर्दी बहुधा तोच देतो. आवाज दाबणारे साधन ही वर्दीच काढून घेते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ ने शिकारीस बंदी केली असून कलम ३१ अन्वये मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही. कलम ३४ नुसार अभयारण्यात किंवा त्याच्या दहा किलोमीटर परिसरात राहणाऱ्या शस्त्र परवानाधारकांनी आपली नोंदणी करणे आवश्यक असते. राष्ट्रीय उद्यानांनाही या तरतुदी लागू होतात.

या परिसरातील धानउत्पादक शेतकऱ्यास रानडुकरांपासून पिकाचे रक्षण करावे लागते. शस्त्र अधिनियमात खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची सोय आहे. या बंदुकीचा उपयोग पुष्कळदा केवळ बार काढून जनावरे पळवून लावण्यासाठी होतो, म्हणजे तेथे आवाज हेच साधन असते. एकाच जिल्ह्यात बंदुकीचा आवाज शेतकऱ्यास हवा असतो, वनरक्षकास तो ऐकू यावा लागतो आणि जवानाच्या कानांना मात्र त्यापासून संरक्षण हवे असते. ध्वनिशामकाचा वापर शासकीय दलांपुरता मर्यादित ठेवण्यामागील कारणमीमांसा या तीन गरजांच्या तुलनेतून स्पष्ट होते.

हे सुद्धा पहा

- इन्सास रायफल
- आयुध संशोधन व विकास प्रस्थापना, पुणे
- नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प
- शस्त्र अधिनियम, १९५९
- ध्वनिप्रदूषण